पक्ष्याचा डावा

लहानपणी माझ्या डाव्या मनगटाला काळा दोरा होता. पाहुण्यांना वाटायचं, पोराला दृष्ट लागू नये म्हणून बांधलाय. माझ्यात दृष्ट लागण्यासारखं काही नव्हतं, हे आईला पक्कं ठाऊक होतं. दोरा होता तो मला कळावं म्हणून, की हा हात जेवायचा नाही, प्रसाद घ्यायचा नाही आणि पाटीवर गिरवायचाही नाही. मी जन्मतः डावखुरा. आईने मला शाळेत जाईपर्यंत उजवा केला, म्हणजे चारचौघांत उजवा दिसेन इतपत केला. त्या दुरुस्तीत आतलं काहीतरी कायमचं निखळलं. स्वतःचा डावा हात मी दोरा पाहून ओळखायचो, पण ज्या वस्तूंना दोरा नाही त्यांची डावी बाजू कुठली, हे सांगायला मला आजही क्षणभर थांबावं लागतं. रिक्षात बसून मी ‘डावीकडे घ्या’ म्हणतो आणि हात उजवीकडे करतो. अनुभवी रिक्षावाले माझ्या तोंडावर नाही, हातावर विश्वास ठेवतात. कुमुदआत्याने माझ्या तोंडावर ठेवला. आता जे सांगायचंय ते एवढंच आहे.

कासारवाडीला रेल्वेलाइनच्या कडेला आमच्या दोन खोल्या होत्या. गाडी गेली की मांडणीतले पेले एकमेकांना लागून किणकिणायचे आणि आई बोलता बोलता थांबायची. गाडी संपली की वाक्य जिथे सोडलं तिथूनच उचलायची. बाबा फर्स्ट शिफ्टला असले की पहाटे स्टोव्हचा आवाज, मग फोडणीचा, मग कंपनीचा भोंगा. कुमुदआत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्न केलेलं नाही, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि आमच्याकडेच राहायची. ती उघडउघड डाव्या हाताने जेवायची. पंगत छोटीच, दोन रांगांत समोरासमोर पाट. बाबांच्या समोर आईची जागा, माझ्या समोर आत्या. आई भाकऱ्या थापत थापत तिच्या हाताकडे पाहायची आणि ठेच्याचं भांडं तिच्यापासून चार बोटं लांब सरकवायची.

“वन्सं, निदान श्रावणी सोमवारी तरी उजव्या हाताने जेवावं माणसाने.”

“वहिनी, देव आपल्याकडे समोरून बघतो की मागून?”

“समोरून. मागून कशाला बघेल?”

“मग त्याला आत्ता माझा हात आणि तुमच्या लेकाचा हात एकाच बाजूला दिसतोय की नाही, विचारा बरं.”

बाबा आमटीच्या वाटीत हसायचे. मला विनोद कळला नव्हता, पण तो खरा वाटला होता. कारण मी लहानपणापासून हेच पाहत आलो होतो. समोर आत्याचा हात ताटाकडे यायचा, माझाही यायचा, आणि दोन्ही एकाच बाजूने यायचे. आत्याचा हात तो आपलाच हात, असं माझ्या डोक्यात घट्ट बसलं होतं. हे नीट लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

बारावीला मी असा काही आपटलो की बाबा दोन दिवस माझ्याशी फक्त क्रिकेटबद्दल बोलले. घरात बसून मी पंख्याची पाती मोजत होतो. आत्या म्हणाली, “मोजायचंच आहे तर माझं काहीतरी मोज.” चाकणच्या पलीकडे एका गावाच्या माळावर मेलेली जनावरं टाकायचे. तिथे गिधाडं उतरायची. पांढऱ्या पाठीची, मोठी, एका वेळी चाळीस-पन्नास. तेव्हा त्यांचं कुणाला काही वाटत नव्हतं. कावळ्या-कुत्र्यांसारखीच ती कायमची असणार, असं सगळे धरून चालले होते. आत्याला एकच गोष्ट हवी होती. मांस ओढताना गिधाड एक पाय जनावरावर रोवतं. तो डावा रोवतं की उजवा? माणसांत डावखुरे थोडे, ते का, हा तिचा जन्माचा प्रश्न होता. पाखरांतही बाजू असते का, असली तर कुणाची कुठली, याचा निबंध ती पक्षिमित्रांच्या मेळाव्यात वाचणार होती. कॉलेजातले तिचे सहकारी तिला ‘गिधाडबाई’ म्हणायचे, ते तोंडावर. मागे काय म्हणायचे ते तिला ठाऊक होतं आणि मेळाव्यातल्या त्या पंधरा मिनिटांवर तिने बराच जीव लावला होता.

नाशिक फाट्यावरून लाल गाडी पकडायची, भोसरी-मोशी मागे टाकून चाकणला उतरायचं आणि मग पायी. त्या वाटेवर तेव्हा कांद्याचे ट्रक, बाभळी आणि वारा, एवढंच असायचं. पहिल्या दिवशी आत्याने नाकाखाली बाम चोळला, माझ्याही चोळला आणि बोरीच्या झुडपामागे सतरंजी टाकली. आधी पंखांचा आवाज आला. एकाच वेळी दहाजणांनी छत्र्या उघडाव्यात तसा. मग ती लांब मान, तो फिस्कार, ती ढकलाढकली. मी दुर्बिणीतून पाहिलं आणि दुर्बीण खाली ठेवली. आत्याने तिथेच डबा उघडून पोळीभाजी खाल्ली.

“नियम एकच,” ती म्हणाली. “डावा म्हणजे पक्ष्याचा डावा. तुझा नव्हे. त्याच्या जागी जाऊन बसायचं, मग लिहायचं. समजलं?”

“समजलं.”

“काय समजलं?”

“पक्ष्याचा डावा.”

मला वाक्य पाठ झालं होतं. समजणं ही वेगळी गोष्ट असते, हे बारावीच्या निकालानेही मला पटवलं नव्हतं.

माळाला लागून सोपानतात्यांचं रान होतं. साठीचे, डोक्याला मळका टॉवेल, आणि आमच्याबद्दल अपार कुतूहल. ते पितळेच्या तांब्यातून चहा आणायचे आणि आत्याकडे पाहत माझ्याशी बोलायचे.

“बाई शिकल्या-सवरल्या दिसत्यात. मड्यावरच्या पाखरांचं पाय मोजत्यात व्हय?”

“हो तात्या,” आत्या म्हणायची. “तुम्हाला काय वाटतं, डावा की उजवा?”

“आमी कवा बघितलं न्हाई बगा. पोट भरल्याशी मतलब. आन् ह्यो कोण, तुमचा पोरगा?”

“भाचा. तो उजवा आहे.”

“दिसतो तसा,” तात्या म्हणायचे आणि माझ्या मनगटावर अजून राहिलेल्या दोऱ्याकडे पाहायचे.

आत्या फक्त रविवारी यायची. मी मोकळा, म्हणून आठवड्यातून चार-चार दिवस जायचो. वहीत दोन रकाने, डावा आणि उजवा, त्यात उभ्या रेघा. पाच झाल्या की आडवी. दुर्बिणीत जो पाय डावीकडे दिसला त्याची रेघ डाव्यात, उजवीकडे दिसला त्याची उजव्यात. पक्षी पाठमोरा असला तर हे बरोबरच होतं. तो माझ्याकडे तोंड करून असला तर साफ उलटं. कधीमधी आत्याचं वाक्य आठवायचं आणि मी इमानदारीने त्याच्या जागी जाऊन बसायचो. मग ऊन चढलं, की पुन्हा आपल्याच जागी. पण वहीत तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं. रेघेला तोंड नसतं. कंटाळा आला की मी समासात टवाळी करायचो. ‘आज तिघांचं आपसांत वाजलं.’ ‘एका म्हाताऱ्याला कुणी जेवायला बसू देत नाही, बाबांसारखं.’ आणि पावसाळ्यानंतर, बऱ्याच वेळा: ‘चिंचेवरचे दोन पक्षी मान खाली टाकून डुलक्या घेत आहेत. कॉलेजला असावेत.’

आमच्या वह्या समोरासमोर आल्या त्या संध्याकाळी घरात कांदाभजी होती. आत्या जमिनीवर कागद पसरून बसली. तिच्या रविवारच्या नोंदी डाव्या पायाकडे झुकलेल्या होत्या, थोड्याथोडक्या नाही, चांगल्याच. माझ्या मात्र अर्ध्या इकडे, अर्ध्या तिकडे, तागडीत तोलल्यासारख्या. तिने दोन्ही बेरजा पुन्हा करून पाहिल्या. गाडी गेली, पेले वाजले, थांबले.

“तुझ्या जास्त आहेत,” ती म्हणाली. “आणि तुला काही सिद्ध करायचं नाहीये. मी डावखुरी. मला डावा दिसावासा वाटतो म्हणून डावा दिसतो.” मग तिने आपले कागद गोळा केले आणि आईला म्हणाली, “वहिनी, फडताळात डब्यांखाली घालायला कागद हवे होते ना तुम्हाला? घ्या.”

“अहो, तुमच्या हाताने लिहिलेले!”

“म्हणूनच. आणि एक सांगते, तुमच्या मुलाची नजर माझ्यापेक्षा खरी आहे.”

बारावीच्या निकालानंतर माझ्याबद्दल या घरात बोललेलं ते पहिलं चांगलं वाक्य. बाबांनी माझ्या ताटात आपल्या वाटणीची भजी टाकली. दुसऱ्या दिवशी आईने शिरा केला, बेदाणे घालून. आत्याने मेळाव्याला पत्र टाकलं, की निबंध मागे घेते, निष्कर्ष निघत नाही.

चार दिवसांनी आम्ही जेवायला बसलो होतो. पिठलं-भाकरी. आत्याने भाकरी मोडली आणि घास पिठल्यात बुडवला. मी रिकामटेकड्यासारखा तिच्या हाताकडे पाहत होतो. तो माझ्या उजव्या हातासमोर होता. म्हणजे माझ्या उजव्या बाजूला. आणि तो तिचा डावा होता. मी घास तोंडाशी नेऊन थांबलो. वर्षानुवर्षं समोर बसलेली बाई, आणि मला आज दिसत होतं, की समोरच्याचा डावा आपल्या उजव्याकडे असतो. देवाच्या नजरेचा तो विनोद मला तेव्हा, इतक्या वर्षांनी कळला. हसू आलं नाही. डोळ्यांपुढे माळावरची सगळी पाखरं उभी राहिली, एका रांगेत, माझ्याकडे तोंड करून.

“काय रे, खडा लागला का?” आईने विचारलं.

“हो,” मी म्हणालो.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी आता पन्नाशीत आहे. या प्रसंगात शिरून मनातल्या मनात मी कितीतरी वेळा तोंड उघडून सांगून पाहिलंय. खरं कारण लाजिरवाणं आहे. मला शिरा आवडला होता. ‘नजर खरी’ असणारा मुलगा म्हणून मी चार दिवस या घरात वावरलो होतो आणि पाचव्या दिवशीही वावरायचं होतं. मी स्वतःशी ठरवलं, की गुपचूप पुन्हा माळावर जायचं, नीट मोजायचं आणि नवी वही आत्यापुढे ठेवायची. पाखरं कुठे पळून जातायत? आत्याचे कागद तरी वाचवावेत म्हणून काही आठवड्यांनी फडताळ उघडलं, तर दिवाळीच्या साफसफाईत आईने ते कधीच काढून टाकले होते. तेलाच्या डब्याखाली एकच कागद चिकटून राहिला होता. तेलाने इतका पारदर्शक झालेला, की रेघा दोन्ही बाजूंनी दिसत होत्या. तो मी ठेवून घेतला. अजून आहे.

मग बारावीची पुन्हा परीक्षा, मग डिप्लोमाला प्रवेश, मग सबमिशन. माळावर मी गेलो दीड वर्षाने. सोपानतात्यांचाच बैल पडला होता. तिसरा दिवस होता आणि बैल जवळजवळ अख्खा. कुत्री होती, कावळे होते. माश्यांचा आवाज दूरवर येत होता. पंखांचा आवाज नव्हता. आभाळ इतकं मोकळं मी आधी पाहिलं नव्हतं.

“न्हाई येत आता,” तात्या म्हणाले. या खेपेस तांब्या नव्हता. “चार म्हैने झालं. आधी चिंचवर मान टाकून बसायची. मला वाटलं झोपल्यात. मग सकाळी खाली पडलेली दिसायची. एक एक.”

“मान टाकून?”

“व्हय. अशी.” आणि त्यांनी स्वतःची मान छातीवर लोंबती सोडून दाखवली. टॉवेल खाली पडला. ती मान मी ओळखत होतो. मी तिच्यावर विनोद केला होता, बऱ्याच वेळा.

पुढे सगळ्यांना कळलं, की जनावरांच्या दुखण्यावरचं एक औषध मेलेल्या ढोरांतून गिधाडांच्या पोटात जात होतं आणि ती मरत होती. एकट्या चाकणला नाही, देशभर. तेव्हा मला एवढंच कळलं, की मी चुकीचं मोजलेलं आता कुणीच बरोबर मोजू शकणार नाही.

पुढच्या रविवारी आत्याला घेऊन गेलो. बोरीमागे तीच सतरंजी टाकली, आणि मी सांगितलं. दोरा, पाट, भाकरी, शिरा, सगळं सांगितलं. विनोदी करून सांगायला गेलो, ते जमलं नाही. सोपानतात्या जरा लांब बांधावर बसले होते. त्यांना ऐकू जात असावं, कारण ते मुद्दाम कुत्र्यांना हाकलू लागले.

आत्या रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. “म्हणजे माझे बरोबर होते,” एवढंच म्हणाली, अगदी हळू, कुणा तिसऱ्याची बातमी असावी तशी. मग तिने पिशवीतून माझी जुनी वही काढली. निबंध मागे घेतला तरी वही तिने जपून ठेवली होती. पहिल्यांदाच ती रेघा सोडून समास वाचत होती. एका पानावर तिचं बोट थांबलं. मग आणखी एका. मग आणखी.

“डावं-उजवं जाऊ दे, शिऱ्या. ह्या डुलक्या. कधीपासून?”

“पावसाळ्यानंतर.”

“मला का नाही सांगितलंस?”

“लिहिलं होतं ना.”

“हो,” ती म्हणाली. “लिहिलं होतंस. मी फक्त रेघा मोजल्या.”

मग तिने कोरं पान काढलं आणि पट्टीने रकाने आखले. डावा. उजवा. आणि तिसरा, जो पहिल्या दिवशीच हवा होता: तोंड कुठे. दुर्बीण माझ्या गळ्यात अडकवली. आम्ही ऊन उतरेपर्यंत बसलो. तिने डबा उघडला नाही. निघताना तारीख घातली आणि रकाने कोरे ठेवले. त्यानंतर कित्येक महिने ती दर रविवारी एकटी जायची आणि कोरं पान घेऊन परत यायची. आई तिला एकदाही काही बोलली नाही. उलट, ठेच्याचं भांडं तिच्याजवळ सरकवू लागली.

तो माळ आता एका कंपनीच्या भिंतीआड आहे. मी त्याच पट्ट्यात गाड्यांच्या आरशांच्या क्वालिटीला नोकरी केली, हा नशिबाने माझ्यावर केलेला विनोद. डाव्या दाराचा आरसा, उजव्या दाराचा आरसा. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी सांगतो, “गाडीपुढे उभं राहून ठरवू नका राव. आत जाऊन ड्रायव्हरच्या जागी बसा.” माझ्या हातून एकही पीस उलटा गेला नाही. शाबासकी मिळाली, की तोंडात बेदाणा आल्यासारखं होतं आणि मी पाणी पितो. आणि वर्षातून दोन-चारदा, दुपारची डुलकी लागली, की चिंचेखाली ती सगळी गिधाडं उभी असतात. काही करत नाहीत. मांसही ओढत नाहीत. एक एक पाय उचलतात आणि मी सांगायची वाट पाहतात.

आत्या आता पंचाहत्तरीच्या पुढे, पिंपळे सौदागरला आमच्याकडेच असते, नवव्या मजल्यावर. मागच्या वर्षी झटका आला आणि तिची डावी बाजू गेली. आयुष्यभर जो हात तिने कुणाला बांधू दिला नाही तो मांडीवर पडून असतो. उजव्याने जेवायला ती शिकतेय, सांडत, चिडत. आई असती तर म्हणाली असती, वन्सं, शेवटी आलातच वळणावर; नाही, म्हणाली नसती. मी समोर बसून तिला भरवतो. एकदा पाहिलं, तर चमचा माझ्या डाव्या हातात होता. दोरा केव्हाच तुटलाय, विचारायला कुणी नाही. ती उजव्याने घास उचलत होती, मी डाव्याने, आणि दोन्ही हात पुन्हा एकाच बाजूने ताटाकडे येत होते.

परवा सकाळी खिडकीबाहेर एसीच्या पेटीवर घार येऊन बसली. पायाखाली उंदीर. आत्याचा घास तोंडातच थांबला. तिला आता वाक्यं येत नाहीत, सुटे शब्द येतात.

“कुठला?”

मी लगेच सांगितलं नाही. मनातल्या मनात उठलो, खिडकीबाहेर गेलो, नऊ मजल्यांच्या वाऱ्यात घारीच्या मागे जाऊन उभा राहिलो, मग तिच्या जागी बसलो. खाली पाहिलं.

“डावा.”

“पक्ष्याचा?”

“पक्ष्याचा.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. समाधान झालेलं नव्हतं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

“तोंड?”

घार आमच्याकडेच बघत होती, मान ताठ, पापणीही न हलवता.

“आपल्याकडे,” मी म्हणालो.